धक्क्याची गाडी

लोणावळ्याचं गिऱ्हाईक येणार म्हणून माऊलीनं सकाळीच गाडीवरची ताडपत्री काढली. काढली म्हणजे एक टोक धरून तो उभा राहिला. ओढली ती समीक्षानं, त्याच्या बायकोनं. जेठात इंजिन बसवताना चेन-पुलीची साखळी घसरली, तेव्हा इंजिन आपटू नये म्हणून या गड्यानं त्याला कमरेचा टेकू दिला होता. इंजिन वाचलं, कंबर गेली. तेव्हापासून तो पोटाला रुंद पट्टा आवळून हिंडत होता आणि खाली पडलेला पाना हवा असला तरी बायकोला हाक मारत होता.

ताडपत्रीखालून जे निघालं त्याला गाडी म्हणायला मन मोठं लागलं असतं. सांगाडा आणि केबिन वडिलांच्या, म्हणजे वारलेल्या भिमाजींच्या जुन्या पिकअपचं. इंजिन भंगारबाजारातून आणलेलं, अपघातात चेपलेल्या कुठल्याशा मोठ्या गाडीचं, डिझेलचं, मूळच्या दुप्पट ताकदीचं. चाकं कमरेएवढी उंच. बॉनेट नाही, दारं नाहीत, हौद्याला तळ म्हणून प्लायवूडचा तुकडा, आणि डॅशबोर्डातून वायरींचा झुपका बाहेर लोंबत होता. आंबीतल्या कारखान्यातलं कंत्राटी काम सुटल्यावर माऊली दोन वर्षं या गाडीला लागला होता. पर्यटक भरून डोंगरातल्या वाटांनी न्यायचे, असा बेत होता. गाव तिला 'माऊलीचं विमान' म्हणायचं आणि विमान कधी उडणार म्हणून येताजाता विचारायचं.

आता उडवायचं नव्हतं, विकायचं होतं. एक तारखेपासून एका कारखान्याच्या कॅन्टीनला तळेगावहून जेवण पोचवायचं काम त्याला मिळत होतं, पण टेम्पो स्वतःचा हवा. एक जुना छोटा टेम्पो त्यानं बघून ठेवला होता. ही गाडी गेली की तो येणार. भरायला-उतरवायला कॅन्टीनची माणसं, याला फक्त स्टिअरिंग धरायचं. मोडलेल्या कमरेला झेपेल असं दुसरं काम पंचक्रोशीत नव्हतं, आणि एक तारखेला नऊ दिवस उरले होते.

घराखालच्या खाचरात त्याच दिवशी भाताची कापणी धरली होती. धन्याला वाकता येईना, म्हणून बेगडेवाडीहून थोरली बहीण कोमल आली होती. नवऱ्याला, हौशीरामला, चार दिवस हातानं करून खा असं सांगून आली होती. तिच्या जोडीला रोजानं शकुबाई. तिचा रोज पैशात नव्हता. दिवसाला दोन पायल्या भात ठरला होता, कारण तिच्या मते नोटा शिजत नाहीत.

गिऱ्हाईक आलं दहाच्या सुमाराला. प्रितम नावाचा, तिशीतला, तळ्याकाठी तंबू लावून पर्यटकांना ठेवणारा. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली झोपून इंजिनाचे माउंटिंग बघितले, वेल्डिंगवरून बोट फिरवलं.

"काम स्वच्छ आहे," तो म्हणाला. "चालू करा."

माऊलीनं दोन वायरी एकमेकींना लावल्या. कट् झालं आणि पुढं काहीच नाही. पुन्हा लावल्या. बॅटरी बसली होती. चार्ज करायला सांगितली होती कुणाला, तर स्वतःलाच, आणि ती उचलून न्यायची कुणी म्हणून राहिली होती. माऊलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. प्रितमनं मोबाइल काढला, म्हणजे आता हा निघणार.

खाचरातून कोमल वर आली. विळा कमरेला खोचलेला, पदर डोक्याला घट्ट बांधलेला. तिनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा भावाकडं.

"बस आत," ती म्हणाली. "दुसऱ्या गिअरात टाक. शकुबाई, समीक्षा, या गं."

ही गाडी भिमाजींची होती तेव्हा तिचा स्टार्टर आठ वर्षं बंद होता. दुधाच्या किटल्या तळेगावला जायच्या आणि रोज पहाटे धक्का मारायला कोमल. धाकटा माऊली बापाशेजारी पुढं बसलेला असायचा. गाडी सुरू झाली की बाप थांबायचा नाही, थांबला तर बंद पडेल म्हणून. कोमल मागं धुरात उभी राहायची, मग शेणाचे हात धुऊन शाळेत जायची. पहिला तास तिला कधी मिळाला नाही, आणि आठवीनंतर तिनं उरलेले तासही सोडले.

तिघी बायका आणि प्रितमचा ड्रायव्हर मागं लागले. कोमलनं खांदा लावला, टाच मातीत रोवली आणि ओरडली, "सोड!" माऊलीनं क्लच सोडला. गाडीनं दोन हिसके दिले, काळा धूर ओकला आणि अंगण दणाणलं. दोन कोंबड्या कुडावर चढल्या. प्रितम आत चढला, कापलेल्या खाचरातून, बांधावरून, ओढ्याच्या उतारावरून फिरून आला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू त्याला लपवता येत नव्हतं. भाव तिथंच ठरला.

"कागद?" त्यानं विचारलं.

"आण्णांच्या नावावर हाईत अजून. वारले ते सहा वर्सांमागं."

"मग सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. मागे एकदा मी अशीच गाडी घेतली, तीन महिन्यांनी पुतण्या दारात हजर. घरात कोण कोण आहे?"

कोमल चहा घेऊन आली होती. "मी थोरली बहीण ह्याची," ती म्हणाली. "सही पायजे का? घ्या की. माझी सही लय झ्याक हाय, बचतगटाच्या बाया बघायला येत्यात."

प्रितम हसला. माऊलीला चहाचा ठसका लागला.

संध्याकाळी मुक्ताबाईनं, माऊलीच्या आईनं, घरातल्या जुन्या भातातून शकुबाईचा रोज मोजला. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं. म्हातारीनं "लाभ" म्हणून पायली ओतली, मग "दोन" म्हटलं.

"आन माझं गं?" कोमलनं पाय पसरून बसल्या बसल्या विचारलं.

"लेकीला मोजून देत्यात व्हय? जाताना पोतं उघड आन हात चालंल तेवढं घे."

कोमल समाधानानं हसली आणि तिळाचं तेल कोमट करायला उठली. रात्रीच्या जेवणाआधी भावाला पालथं पाडून तिनं त्याची कंबर चोळली. तिच्या तळव्यांना विळ्यानं घट्टे पडले होते, ते पाठीला खरखरत होते. "आण्णा असते तर तुला शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "इंजिनाला कोन कंबर देतं रं?"

दुसऱ्या दिवशी माऊली वडगावला नथूकडं गेला. नथू गाड्यांच्या कागदांचा एजंट. चष्मा कपाळावर ठेवून तो कागद वाचायचा, कशासाठी ते कुणाला कळलं नव्हतं.

"इंजिन नंबर जुळत नाही हा."

"बदललंय. त्याला डोंगरात चालवायची हाय, नंबराचं त्याचं तो बघणारे."

"मग बघू दे. वारसाचा कागद आणलाय?"

माऊलीनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. बाप वारल्यावर जमीन नावावर करताना केलेलं प्रतिज्ञापत्र होतं ते. नथूनं मोठ्यानं वाचलं. "मयतास पत्नी मुक्ताबाई व मुलगा माऊली हे दोनच वारस असून, यांशिवाय मयतास अन्य कोणीही वारस नाही." त्यानं मान हलवली. "सुंदर. दोन दिवसांचं काम. तुम्हा दोघांच्या सह्या, संपलं."

माऊली खुर्चीत ताठ बसला होता. कमरेमुळं तो तसाही ताठच बसायचा.

सहा वर्षांपूर्वी तेराव्याच्या पंगतीत कोमलच्या सासऱ्यानं जमीन किती, रस्त्याला किती, असं सहज विचारलं होतं. सहज विचारलेलं मुक्ताबाईच्या मनात रुतून बसलं. तिनं पोराला सांगितलं, पोरीला यात घालू नको, तिच्या सासरची माणसं तिला जगू देणार न्हाईत. सही मागायला गेलं की वाटा इचारत्याल. सही मागायलाच नको म्हणून बहीणच लिहिली नाही. माऊली तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, कळता होता. त्यानं सही केली, कारण ते सोपं होतं. कोमलला कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. लेक माहेरी येत राहिली, आंबे-तांदूळ नेत राहिली. जमिनीचं एवढं सगळं करताना गाडीचे कागद मात्र तसेच राहिले. लोखंडाला कोण वारस लागतो, असं दोघांना वाटलं होतं.

"बहीण हाय मला," माऊली म्हणाला.

नथूनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "सख्खी?"

"व्हय. आन गिऱ्हाइकानं बघितलीय तिला. तिची सही मागतोय."

नथू थोडा वेळ कागदाच्या कडा जुळवत बसला. "तिला वारस म्हणून घातली तर हा कागद खोटा ठरतो. हा खोटा ठरला की जमिनीची नोंद उघडली. स्टॅम्पावर खोटं लिहिलंय तुम्ही, भाऊ. आणि तिला नाही घातली, तर गिऱ्हाईक घेत नाही. आता तुमचं तुम्ही बघा. मला सांगा, मी तसं टाइप करतो."

घरी येऊन त्यानं आईला चुलीपाशी गाठलं. कोमल खाली खाचरात पेंढ्या बांधत होती, तिचं आणि शकुबाईचं बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

मुक्ताबाईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. "सांग त्याला, चुलत हाय म्हणून."

"आये, सख्खी बहीण हाय ती."

"मी काय न्हाई म्हनती? पोटात मीच वागवली. घरात सख्खी, त्या मानसाफुडं चुलत. त्याला काय करायचंय? गाडी न्यायची आन जायचं."

समीक्षा पाणी शेंदून आली होती. कळशी खाली ठेवत ती म्हणाली, "आक्कांना सरळ सांगा. त्या जमीन मागायच्या न्हाईत. रागावतील, रडतील, सही देतील."

"ती देईल," मुक्ताबाई म्हणाली. "आन तिचा सासरा? एकदा वारस म्हणून नाव चढलं की ते पुसता येत न्हाई. खाचर दोन, आन वाटे किती करशील?"

माऊली उठला. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्याला पटलं होतं बायकोचं, आणि तो ऐकणार होता आईचं, हे त्याला तिथंच कळलं आणि स्वतःचा राग आला.

तिसऱ्या दिवशी त्यानं सांगायचं ठरवलं. खाचराच्या बांधावर बसून तो भाऱ्यांना बांधायच्या दोऱ्या पुरवत होता, तेवढंच त्याला करता येत होतं. कोमल भारा डोक्यावर घेऊन खळ्यावर जायची, रिकामी परत यायची. मान घामानं भिजलेली, पायाला चिखल, नाकाला भाताचा भुसा.

"आक्का," तो म्हणाला.

"काय?"

"दमलीस."

"दमतंय की मानूस. तू लवकर बरा हो, म्हंजी पुढल्या साली मी नुसती खायला येते." तिनं दोरी घेतली. "टेम्पो आला की पहिल्यांदा बेगडेवाडीला आन बरं का. सासरच्यांना बघू दे माझा भाऊ गाडीवाला झाला म्हणून."

तो हो म्हणाला. दुपारी घराच्या मागं, थंड इंजिनावर हात ठेवून उभा राहून, त्यानं प्रितमला फोन लावला.

"ती बहीण हाय म्हनली ना त्या दिवशी, ती चुलत हाय. आमच्यात चुलत बहिणीला पण बहीणच म्हनत्यात."

"मग प्रश्नच नाही," प्रितम म्हणाला. "परवा येतो गाडी न्यायला."

किती सोपं गेलं ते. माऊली तिथंच उभा राहिला. स्टार्टरच्या वायरीवर त्यानं गुंडाळलेली टेप सुटली होती, ती त्यानं पुन्हा नीट गुंडाळली. विकलेल्या गाडीची टेप नीट करायचं काही कारण नव्हतं.

चौथ्या दिवशी कापणी संपली, झोडणीही उरकली. पाचव्या दिवशी सकाळी खळ्यावर भाताची पिवळी रास लागली होती आणि कोमल दुपारच्या गाडीनं घरी निघणार होती. प्रितम येईपर्यंत ती गेलेली असेल, असा माऊलीचा हिशेब होता. प्रितम दहालाच आला. मागं उघडी लॉरी, लॉरीत नथू, नथूच्या काखेत माऊलीनं सांगितला तसा टाइप केलेला स्टॅम्पपेपर.

अंगणात खाट टाकली. माऊलीनं सही केली. मुक्ताबाईनं अंगठा उठवला आणि बोट पदराला पुसलं.

"दोन साक्षीदार लागतील," नथू म्हणाला. "एक मी आहे."

प्रितमनं इकडंतिकडं बघितलं. कोमल दाराशी पिशवी भरत होती. "या ताई आहेत की," तो मोकळेपणानं म्हणाला. "तुम्ही चुलत बहीण ना यांची? वारस नाही, मग साक्षीदार व्हायला हरकत नाही. सही छान आहे म्हणत होतात तुम्ही."

पिशवीचा बंद कोमलच्या हातात तसाच राहिला. तिनं प्रितमकडं बघितलं, मग भावाकडं. माऊली जमिनीवर पडलेल्या तेलाच्या डागाकडं बघत होता. मग तिनं आईकडं बघितलं, आणि आई अंगठ्याची शाई पुसायला परत लागली.

"बघू," कोमल म्हणाली.

तिनं खाटेवर बसून कागद हातात घेतला. ती भरभर वाचणाऱ्यातली नव्हती. ओठ हलत होते, बोट ओळीखालून सरकत होतं. 'यांशिवाय मयतास अन्य कोणीही वारस नाही' इथं बोट थांबलं. मागं लावलेली जुन्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स तिनं उलटली. तारीख वाचली. सहा वर्षांपूर्वीची तारीख. बाप जाऊन तेव्हा चाळीस दिवससुद्धा झाले नव्हते. तेव्हा ती या घरात होती, आईच्या कुशीला झोपत होती.

लॉरीच्या ड्रायव्हरनं बिडी पेटवली.

माऊलीला वाटलं, आता बोलावं. सख्खी हाय, थोरली हाय, मी खोटं बोललो. शब्द तोंडात होते. त्याच्या डोळ्यांपुढं टेम्पो आला, एक तारीख आली, खाचरं आली, आणि तोंड उघडलं नाही.

"पेन द्या," कोमल म्हणाली.

तिनं 'कोमल' लिहिलं. पेन थांबला. पुढं बापाचं नाव पडलं असतं तर प्रितमनं वाचलं असतं, कागद तिथंच फाटला असता, लॉरी रिकामी गेली असती. माऊलीचा हात नकळत कमरेच्या पट्ट्यावर गेला. कोमलनं पेन झटकला आणि पुढं 'हौशीराम' लिहिलं, मग आडनाव, खाली सुबक रेघ. सही खरंच देखणी होती.

"थँक यू ताई," प्रितम म्हणाला, आणि ठरलेले पैसे त्यानं मोबाइलवरून पाठवले.

लॉरी अंगणात वळेना. गाडी रस्त्यापर्यंत न्यायला हवी होती आणि बॅटरी अजून बसलेलीच. माऊली गाडीजवळ जाऊन उभा राहिला. ढकलायला तो उपयोगाचा नव्हता.

"बस आत," कोमल म्हणाली.

"आक्का, ऱ्हाऊ दे. ते ढकलत्याल."

"बस म्हनलं ना. माझं पहिल्यापासनंचंच हाय."

तो बसला. मागून खांदे लागले. गाडी हलली, चाळणीतल्या खड्यासारखी खडखडत उतारावरून रस्त्याकडं निघाली. गाडीला आरसे अजून बसवलेले नव्हते, त्यामुळं मागं कोण किती जोर लावतंय ते त्याला दिसत नव्हतं. तिचा श्वास मात्र ऐकू येत होता. रस्त्यावर आल्यावर त्यानं ब्रेक दाबला. दोरखंड लागला, फळ्या लागल्या, गाडी लॉरीवर चढली. दोन वर्षं ज्या गाडीखाली तो झोपला ती अर्ध्या तासात वळणाआड गेली. नथू लॉरीतच बसून गेला.

माऊली परत आला तेव्हा मुक्ताबाई ताटात साडी आणि नारळ घेऊन उभी होती. कोमल खळ्यावर उभी होती.

"साडी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चार दिस काम केलं. रोजाच्या दोन, आठ पायल्या व्हत्यात. मोज."

"येडी का काय?" मुक्ताबाईचा आवाज चिरकला. "लेकीला कुटं मोजून देत्यात? घे की पोतं भरून."

"लेकीला न्हाई. भावकीतल्या बाईला मोजूनच देत्यात. शकुबाईला दिलं तसं दे."

"कोमल."

"मला गाडी गाठायचीय. मोज."

मुक्ताबाई राशीपाशी बसली. समीक्षानं पोत्याचं तोंड धरलं, तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. म्हातारीनं पायली राशीत बुडवली, वर शीग लावून उचलली. कोमलनं पुढं होऊन तळहातानं ती शीग सपाट केली. जास्तीचे दाणे राशीवर पडले.

"लाभ," मुक्ताबाई म्हणाली.

दुसऱ्या मापाला पुन्हा शीग, पुन्हा कोमलचा तळहात. तिसऱ्याला, चौथ्याला. आई शीग लावायची सोडेना, लेक सपाट करायची सोडेना. सहापर्यंत म्हातारीचा आवाज टिकला. सात तिनं नुसतंच ओठांनी म्हटलं.

आठ झाल्यावर कोमलनं पोत्याचं तोंड बांधलं. माऊली पुढं आला, पोत्याला हात घालायला वाकला आणि अर्ध्यातच कळ येऊन अडकला. ना वर, ना खाली.

"सर," कोमल म्हणाली. रागानं म्हणाली नाही. "शकुबाई, हात लाव गं."

दोघींनी मिळून पोतं डोक्यावर चढवलं. कोमलनं मान सावरली, पिशवी काखेला लावली आणि फाट्याकडं चालू लागली. मान ताठ ठेवायची असल्यानं तिला मागं बघता येण्यासारखं नव्हतं.

माऊली भिंतीला धरून हळूहळू सरळ झाला. खिशातला फोन वाजत होता, टेम्पोवाला असणार. मुक्ताबाईनं नववी पायली भरली होती, शिगेसकट, आणि पोतं तर निघून गेलं होतं. भरलेलं माप परत राशीत ओतायचा तिला धीर होईना.

"धर रं हे," तिनं बसल्या जागेवरून माऊलीकडं माप केलं.

माऊलीला वाकता आलं नाही.